चाळिशी लागली म्हणून नेम का सोडायचा?

पन्नाशीकडे झुकलेले नेमबाज हमखास म्हणतात, ‘आता हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही.’ माझं मत असं, की हाताला दोष देण्याआधी डोळ्यातल्या भिंगाकडे पाहावं.

साध्या रायफलवर तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचं लक्ष्य. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणं कोणत्याही वयात शक्य नसतं. पण विशीतला डोळा फोकस झटकन मागेपुढे करतो. त्याच्याकडे साधारण दहा डायॉप्टरची लवचीकता असते. पन्नाशीपर्यंत भिंग ताठर होतं आणि ती दोनच्या आसपास उरते.

यावर एक स्वस्त उपाय आहे. माशी डोळ्यापासून मीटरभर दूर असेल, तर ती स्पष्ट दिसायला एक डायॉप्टर लागतो आणि दूरच्या लक्ष्याला शून्य. म्हणून लांबच्या नंबरात +०.५ मिळवायचे. मग दोन्हीकडे अर्ध्या डायॉप्टरचीच धूसरता उरते. खाचेऐवजी डोळ्याजवळ बारीक भोकाची पीप साइट लावली, की तीही बरीच कमी होते. चष्मा नसताना मुठीच्या फटीतून पाहिल्यावर अक्षरं वाचता येतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र भोक फार बारीक केलं, तर आयर्लंडच्या ढगाळ दुपारी समोर अंधारच दिसेल.

दुसऱ्या उपायाचं मूळ डब्लिनमध्येच आहे. रॅथमाइन्सला दुर्बिणी बनवणाऱ्या सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली परावर्तक साइटची कल्पना मांडली. भिंग आणि तिरपी काच वापरून नेमाची खूण अनंत अंतरावर असल्यासारखी दिसते. खूण आणि लक्ष्य एकाच अंतरावर आले, की फोकस बदलायची गरजच संपते. आजची रेड डॉट साइट याच तत्त्वावर चालते. (अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल, तर तो ठिपका फाकलेला दिसू शकतो.) पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगामवालांनी वापरलेली २० इंची दुर्बीणही ग्रब यांचीच, ती पुढे कोडाईकनालला गेली.

तेव्हा नेत्रतपासणीला जाताना डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजून सांगा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर विसंबू नका. नेम धरताना मान झुकलेली असते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून जाते.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. रेंजवर कागदी लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. हरणाच्या शिकारीला विकलोच्या डोंगरात गेलात, तर झुडपामागे हरीण आहे की माणूस, हे स्वच्छ दिसलंच पाहिजे. तिथे +०.५ ची युक्ती वापरू नये. लांबचा पूर्ण नंबर आणि दुर्बीण लावावी. तरीही शंका वाटली, तर बोट चापापासून दूर ठेवावं.