'शुगर अल्कोहोल' व मिठाईचे डबे

गेल्या दिवाळीस आमच्याकडे 'साखरविरहित' मिठाईचा डबा भेट आला. वेष्टनावर 'शुगर अल्कोहोल' हे शब्द वाचून घरच्या मंडळींनी तो उघडलाच नाही. सभासद बंधुभगिनींस आम्ही सांगू इच्छितो की, हे मद्य नव्हे. रसायनशास्त्रातील ते एका वर्गाचे नाव असून त्यात नशेचा अंश नाही. अमरगोळच्या आवारात ज्या मक्याचे आपण सौदे करतो, तसल्याच मक्याच्या स्टार्चचे ग्लुकोज करतात व त्यास हायड्रोजनची जोड देऊन सॉर्बिटॉल काढतात.

आमची तक्रार निराळीच आहे. 'साखरविरहित' म्हणजे मधुमेह्यास मोकळीक, असा समज करून दिला जातो. सॉर्बिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे 60 टक्के. उष्मांक मात्र ग्रॅमला 2.6, साखरेचे 4. माल्टिटॉलने तर रक्तातील साखर थोडीफार वाढतेच. आणि धारवाडी पेढ्यातील खव्याची दुग्धशर्करा कोठे जाते? अधिक खाल्ल्यास रेच होतात. तशी सूचना छापण्याचा नियम आहे, पण ती मुंगीएवढ्या अक्षरांत! आम्ही पोत्यावर वजन व प्रत ठळक लिहितो. मिठाईवाल्या सभासदांनी सुटा माल देताना निदान तोंडाने तरी एवढे सांगावे.