केंदाळातलं बोटिंग

वीकेंडला काय करायचं, हा प्रश्न कोल्हापुरात पडतच नाही. उत्तर ठरलेलं, ‘चल की, रंकाळ्यावर!’ मंगळवार पेठेतून गाडी काढायची, खरी कॉर्नर, गांधी मैदान करत दहा-पंधरा मिनिटांत चौपाटी. भेळ, कणीस, गार वारा आणि समोर शालिनी पॅलेस. फुल्ल टाइमपास! पण मंडळी, तुमच्यापैकी बोटीत बसलेले किती?

पुण्याच्या एका मैत्रिणीला मी मागे एकदा बोटीत बसवलं. ती नाकाला रुमाल लावून काठावर उभी. ‘या पाण्यात? आर यू सीरियस?’ तिचं तरी काय चुकलं? काठाशी हिरवट साय, त्यात पिशव्या, निर्माल्य आणि एक एकटी चप्पल.

‘मामा, वास येतोय हो पाण्याला,’ ती बोटवाल्याला म्हणाली.

‘काठालाच हाय त्यो. आत चला, जातोय,’ मामा एकदम कूल.

आणि खरंच गेला. थोडं आत गेल्यावर वारा लागला, हॉर्नचे आवाज मागे पडले, पाण्यावर मावळतीचं ऊन पसरलं. रुमाल पर्समध्ये, कॅमेरा बाहेर!

हीच रंकाळ्याची जादू आणि हीच पंचाईत. लांबून तो इतका देखणा दिसतो की त्याचं दुखणं विसरायला होतं. श्याम सोसायटी नाल्यासारख्या नाल्यांतून वर्षानुवर्षं सांडपाणी तळ्यात येत राहिलं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे केंदाळाला आणि शेवाळाला फुकटचं खत. केंदाळ पसरलं की खाली ऊन पोचत नाही. ते कुजायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. नुसतं केंदाळ काढून भागत नाही. सांडपाणी येत राहिलं, तर ते पुन्हा हजर!

तळं संपतं कसं, हे बघायला लांब जायला नको. ज्या गांधी मैदानावरून आपण रंकाळ्याला जातो, ते एकेकाळचं वरुणतीर्थ तळं. कपिलतीर्थ तर आता मंडईच्या नावापुरतं उरलंय. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की आपण वैतागतो. अहो, जागा पाण्याचीच आहे ती! ज्या तळ्याकडे लोकांचं येणं-जाणं थांबतं, त्यात भर टाकताना कुणाचा हात अडखळत नाही.

म्हणून मला बोटिंग महत्त्वाचं वाटतं. ‘असल्या घाणीत कसली हौस?’ असं विचारणारे भेटतात. पण काठावरून फिरणाऱ्यासाठी रंकाळा म्हणजे नुसता व्ह्यू. बोटीतल्या माणसाला मात्र पॅडलमध्ये अडकलेलं केंदाळ सोडवावं लागतं. पाणी बिघडलं की पहिली त्याची संध्याकाळ बुडते, आणि मग तोच बोंब मारतो. अशी बोंब मारणारे भरपूर हवेत.

आणि कोल्हापूरकरांनी मनावर घेतलं की काय होतं, ते आपण पाहिलंय. बाप्पाचं विसर्जन रंकाळ्याऐवजी शेजारच्या इराणी खणीत करायची सवय आपण लावून घेतलीच की!

तर मग, या वीकेंडचा फंडा सिंपल. बोटिंग कधी सुरू असतं, कधी बंद, त्यामुळे निघण्याआधी विचारून घ्या. लाइफ जॅकेट घाला. हिरो-हिरॉइन असाल तरी घाला. पाण्यात हात घातलात तर भेळेआधी साबणानं धुवा. आणि परत येताना एखाद्या नाल्याच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबा. सनसेटचा फोटो सगळेच टाकतात. त्याच्या शेजारी नाल्याचाही एक टाका.