बेल वाजवणाऱ्या माणसाचे पुढे काय?

दुपारची साडेअकराची वेळ. मंडळी कामावर गेलेली, मुले शाळेत, स्वयंपाक नुकताच आटोपलेला. अशा वेळी दारावरची बेल वाजायची. दारात घामाघूम झालेला, गळ्यात टाय बांधलेला एक तरुण उभा असायचा. हातात जड पेटी आणि चेहऱ्यावर पाठ केलेले हसू. "घ्यायलाच पाहिजे असं नाही, फक्त दहा मिनिटं बघा." पुण्या-मुंबईत तो 'काकू' म्हणे, चेन्नईत 'अम्मा', बाकी सारे तेच. दहा मिनिटांनी तो गादीतली धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवी. सकाळीच घर स्वच्छ झाडून घेतलेली गृहिणी ती पाहून खजील होई. अर्धी विक्री तिथेच झालेली असे.

२०२० च्या मार्च महिन्यात ही बेल एकाएकी थांबली. दाराबाहेरच्या माणसाची भीती वाटावी, अशी साथ आली. मग ज्याचे सारे पोटच दुसऱ्याच्या दारावर अवलंबून, त्याचे काय झाले? आणि आता दारे उघडली असताना तो पूर्वीसारखा परत येईल का?

रुमालावरची धूळ

धूळ दाखवून यंत्र विकण्याची ही युक्ती यंत्राइतकीच जुनी आहे. १९०१ साली लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरला धूळ फुंकून उडवण्याऐवजी ती ओढून घ्यावी, असे सुचले. त्याने एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या पाठीला रुमाल लावला आणि तोंडाने जोरात श्वास ओढला. त्याला ठसका लागला, पण रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्याचे पहिले यंत्र इतके अवजड होते, की घोडागाडीवरून न्यावे लागे. घरात फक्त लांब नळ्या जात.

साथीचा आणि या यंत्राचा संबंधही जुनाच. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उतरलेल्या नौसैनिकांत तापाची साथ पसरली. तेव्हा बूथची यंत्रे तिथे नेऊन कित्येक टन धूळ काढण्यात आली होती. पुढे अमेरिकेत हूवर आणि स्वीडनमध्ये इलेक्ट्रोलक्स या कंपन्यांनी घरात मावेल असे यंत्र आणले आणि ते घरी जाऊन दाखवण्याची पद्धत जगभर रूढ केली.

भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर केले युरेका फोर्ब्सने. फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून १९८२ साली ही कंपनी सुरू झाली. केरसुणी आणि ओले फडके यांवर पिढ्यान्‌पिढ्या समाधानी असलेल्या, फरशीच्या घरात गालिचा क्वचितच असलेल्या देशात व्हॅक्युम क्लीनर दुकानात ठेवून कोण विकत घेणार? म्हणून विक्रेत्यालाच घरोघर धाडण्यात आले. हजारो तरुणांची पहिली नोकरी ही अशी होती. अनोळखी दाराशी उभे राहणे, नकार पचवणे आणि पुढच्या मजल्यावर जाऊन पुन्हा हसणे, हे त्यांनी इथेच शिकून घेतले. कमाईचा मोठा भाग मात्र विक्रीवर अवलंबून. यंत्र खपले तर कमिशन, नाही तर दिवस वाया.

गिंडीत दार बंद झाले

चेन्नईतला गिंडी हा भाग या धंद्याला जणू आखूनच दिलेला. १९५८ सालापासून इथे औद्योगिक वसाहत आहे. लोकल गाड्यांचे स्टेशन आहे आणि आता मेट्रोही आहे. एका बाजूला वेळचेरी, दुसऱ्या बाजूला सैदापेट आणि आलंदूर, अशा मध्यमवर्गीय नोकरदारांच्या दाट वस्त्या आहेत. दारोदार फिरणाऱ्याला आणखी काय हवे?

पण याच गिंडीत किंग इन्स्टिट्यूटही आहे. १८९९ साली स्थापन झालेली ही संस्था एके काळी देवीची लस तयार करण्यासाठी प्रसिद्ध होती. कोरोनाच्या काळात तिचे नाव चेन्नईतल्या घराघरांत पोचले, ते तपासणीच्या अहवालांमुळे. जुलै २०२० मध्ये तिच्या आवारातली, वृद्धांच्या आरोग्यसंस्थेसाठी बांधलेली इमारत कोरोना रुग्णालयात बदलण्यात आली. जिथे पाच वाजता कारखाने सुटले, की रस्ता फुलायचा, तिथे रुग्णवाहिकांचा आवाज ऐकू येऊ लागला.

मे महिन्यात कोयंबेडूचा भाजीबाजार बंद करावा लागला. १९ जूनपासून चेन्नई आणि आसपासच्या भागांत पुन्हा कडक टाळेबंदी आली. या काळात दारावर येणारी माणसे होती ती महापालिकेची. कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, एवढेच विचारून ती पुढच्या दाराकडे वळत. त्यांनाही सगळेच दार उघडत असे नाही. मग पेटी घेऊन येणाऱ्या अनोळखी विक्रेत्याला आत कोण घेणार? गादी, पडदे, कोच ही घरातली सर्वांत खासगी जागा. तिथवर परका माणूस पोचणे ही त्याच्या विक्रीची पहिली अट होती आणि नेमकी तीच अट साथीने मोडून टाकली.

साथीने विक्रेत्यांमध्ये लहान-मोठा भेद केला नाही. हप्त्याने वस्तू विकणाऱ्या दुकानात सेल्समन म्हणून सुरुवात करून १९७८ साली 'वसंत अँड कंपनी' उभी करणारे एच. वसंतकुमार पुढे कन्याकुमारीचे खासदार झाले होते. २८ ऑगस्ट २०२० रोजी कोरोनाने त्यांचे चेन्नईत निधन झाले.

मागणी वाढली, माणूस मात्र घरी

या गोष्टीतला विरोधाभास मोठा चमत्कारिक आहे. ज्या काळात विक्रेता घरी बसला होता, त्याच काळात त्याच्या यंत्राला मागणी आली. मोठ्या शहरांतल्या अनेक सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना फाटकाच्या आत येण्यास मनाई केली. घरून काम, मुलांचे मोबाइलवरचे वर्ग आणि त्यातच केर-फरशी-भांडी. तेव्हा कुठे पुरुषांच्या हाती केरसुणी आली आणि केर काढणे किती कंबर मोडणारे काम आहे, हे त्यांना कळले! व्हॅक्युम क्लीनर आणि भांडी घासण्याचे यंत्र यांची चौकशी वाढली, ती मुख्यतः इंटरनेटवर. आपोआप फिरणारे यंत्रमानवी क्लीनरही याच काळात भारतीय घरांत दिसू लागले. ते विकायला दारावर कुणी आले नव्हते.

कंपन्यांनीही मार्ग शोधला. प्रात्यक्षिक व्हिडिओ कॉलवर आले. पण दुसऱ्याच्या गादीतली धूळ पडद्यावर पाहून कुणी खजील होत नाही. खजील व्हायला धूळ आपल्याच गादीतली लागते. ही साधी गोष्ट विक्रेत्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

भीती विकणे नको

इथे सावध राहायला हवे. साथीच्या काळात अनेक वस्तूंवर 'विषाणूपासून संरक्षण' असा शिक्का बसला. व्हॅक्युम क्लीनर धूळ, केस, कीटकांची विष्ठा काढतो. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या रुग्णाला त्याचा उपयोग होऊ शकतो. त्यातही हेपा फिल्टर असेल, तर तो ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या पिशवीच्या यंत्रातून मात्र बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते.

पण कोरोनापासून ते यंत्र वाचवते, असे म्हणणे खरे नव्हे. हा आजार मुख्यतः माणसाच्या श्वासातून, हवेतून पसरतो. वस्तूला हात लावून तो होण्याचा धोका फार कमी आहे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच स्पष्ट केले. तेव्हा घर स्वच्छ हवे म्हणून यंत्र घ्यावे, भीतीपोटी घेऊ नये.

आधी विचारून या

साथ ओसरली, पण दाराची रीत बदलली. सोसायटीच्या फाटकावर आता वॉचमन मोबाइलवर विचारतो, "अमुक आले आहेत, सोडू का?" विक्रेत्याची पहिली परीक्षा आता दारात होत नाही, ती फाटकावरच होते. आणि फाटकावर हसू चालत नाही.

कायदाही त्याच दिशेने गेला. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम जाहीर केले. त्यानुसार थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. किंमत, परत करण्याची अट, हमी आणि विक्रीनंतरची सेवा यांची पूर्ण माहिती त्याने दिली पाहिजे. हे नियम कंपनीशी करार करून स्वतंत्रपणे विक्री करणाऱ्यांसाठी आहेत. पगारी नोकराला ते शब्दशः लागू होतात की नाही, हा वकिलांचा प्रश्न. गृहिणीने मात्र दोघांकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी. अमेरिकेत घरी येऊन केलेल्या बहुतेक विक्रीत ग्राहकाला तीन दिवसांत व्यवहार रद्द करण्याची मुभा १९७० च्या दशकापासून आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला नकार देणे किती अवघड असते, हे त्या कायद्याने ओळखले.

तर मग भविष्य काय? न बोलावता बेल वाजवणाऱ्याचे दिवस सरत आले, हे खरे. पण माणसाची गरज संपलेली नाही. यंत्र इंटरनेटवरून येते, पण नळी फुटली, मोटर तापली, पिशवी मिळेना झाली, की घरी कुणीतरी यावेच लागते. युरेका फोर्ब्सची मालकी २०२२ मध्ये बदलली, तरी देशभर पसरलेल्या सेवेचे जाळे हीच तिची मोठी पुंजी राहिली. उद्या घरी येणारा माणूस बोलावल्यावर येईल. आधी दुरुस्ती करील आणि मग नवे काही दाखवील. त्याची भाकरी केवळ कमिशनवर न ठेवता त्याला ठरावीक पगार आणि आजारपणात आधार मिळाला, तर तोही खोटी भीती दाखवून वस्तू गळ्यात मारणार नाही. साथीने शिकवलेला हा धडा कंपन्यांनी विसरू नये.

दार उघडण्यापूर्वी

आपल्या बाजूनेही थोडी शिस्त हवी.

ओळखपत्र पाहावे आणि कंपनीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. घरात एकटे असाल, तर शेजारणीला बोलावून घ्यावे.

प्रात्यक्षिक पाहिले म्हणजे घेणे भाग आहे, असे मुळीच नाही. 'विचार करून सांगते' हे वाक्य संकोच न करता वापरावे.

फिल्टर आणि पिशवीचा वर्षाचा खर्च, आवाज, विजेचा वापर आणि जवळचे सेवाकेंद्र यांची चौकशी किमतीच्या आधी करावी.

पावती आणि हमीपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

आणि नकार द्यायचा असेल, तर तो सौजन्याने द्यावा. पेटी जड असते. चेन्नईच्या मे महिन्यातल्या उन्हात तर ती आणखी जड होते. यंत्र नको असले, तरी तांब्याभर पाणी देता येतेच.