भिंतीवरचा माड कोणाचा?



परवा आम्ही एका स्नेह्याच्या नव्या घरी गेलो होतो. दोन खोल्यांचेच घर, पण नीटनेटके. एका भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. समोरच्या भिंतीवर बाजारातून आणलेले, जुन्या धाटणीचे माडाचे चित्र. ते कोणाचे, असे विचारताच वहिनी म्हणाल्या, "असेल कोणा साहेबाचं!"

ते चित्र आम्ही ओळखले. साहेबाने ते छापले हे खरे. पण साहेबाला झाडेझुडपे समजावून दिली ती एका एळवा वैद्याने.

कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या झाडपाल्यावर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करविला. हॉर्टस म्हणजे बाग. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. त्यात ७४२ वनस्पती आहेत. चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. पहिलेच चित्र माडाचे!

चित्रे काढणारे हात दुसऱ्यांचे होते. पण झाड कोणते, त्याचे नाव काय, ते कोणत्या दुखण्यावर चालते, हे सांगणारा होता इट्टी अच्युतन, करप्पुरमच्या कोल्लाट घराण्यातला वैद्य. एळवा म्हणजे माडी काढणारी, शेतात राबणारी जात. देवळाजवळच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून १९२४ साली वैकमला सत्याग्रह करावा लागला, तो या लोकांसाठीही. अशा जातीत वैद्यकी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती. अच्युतनने घरच्या पोथीच्या आधारे माहिती सांगितली. त्याची १६७५ सालची साक्ष पहिल्या खंडात त्याच्याच लिपीत छापलेली आहे. जात, घर, गाव सगळे स्पष्ट. तीन कोकणी ब्राह्मण पंडितांची साक्षही त्याच खंडात आहे. ग्रंथाने त्यांना एका पंगतीला बसवले. गावाने कधी बसवले होते काय?

ग्रंथ लॅटिनमध्ये अडकून पडला होता. डॉ. के. एस. मणिलाल यांनी कित्येक वर्षे खपून त्याचे भाषांतर केले. ते २००३ साली इंग्रजीत आणि २००८ साली मल्याळममध्ये निघाले. नातवंडा-पणतवंडांना आपल्या पूर्वजाचे काम आपल्या भाषेत वाचता आले!

तुम्हालाही यातले चित्र घरी लावता येईल. ती आता कोणाच्या मालकीची नाहीत. ग्रंथालयांनी खुली केलेली प्रत छपाईवाल्याकडून जाड कागदावर काढून घ्या. जुन्या ग्रंथाची फाडलेली पाने विकतात, ती मात्र घेऊ नका. मूळ छपाई काळ्या शाईची आहे, तेव्हा एक जादा प्रत मुलांना रंगवायला द्या. चौकट ओल आलेल्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नका.

आणि खाली नाव लिहा. नावाशिवाय ती नुसती शोभा. नावासह तो वारसा.

आम्ही निघालो तेव्हा स्नेह्याची धाकटी लेक स्केचपेन घेऊन स्टुलावर चढली होती. चौकटीखाली चिकटवायच्या पट्टीवर तिने लिहिले होते: 'इट्टी अच्युतन, वैद्य.'