जनरलची शेवटची सही



डिसेंबर आला की इथे अल गराफात आमच्या शुक्रवारच्या जेवणात गोव्याचा विषय निघतोच. यंदा पणजीकडचे एक मित्र म्हणाले, "आमची पणजी शाबूत राहिली ती त्या पोर्तुगीज जनरलमुळे. त्याचा पुतळा हवा होता." आमटी गार झाली, वाद मिटला नाही. म्हणून हे टिपण.

जनरल मानुएल अंतोनियो व्हासालो ई सिल्वा हे गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल (१९५८-६१). मूळचे लष्करी अभियंते. १४ डिसेंबर १९६१ रोजी हुकूमशहा सालाझारचा संदेश आला : तह नाही, युद्धकैदी नकोत, सैनिक जिंकतील किंवा मरतील, निदान आठ दिवस तग धरा. लिस्बनमध्ये बसून हे लिहिणं सोपं होतं. इकडे हाताशी जेमतेम साडेतीन हजार सैनिक आणि समोर भारताची तिन्ही दलं. १९ तारखेच्या रात्री जनरलनी शरणागतीवर सही केली. दोन्हीकडचे मिळून पन्नासच्या आसपास माणसं मेली. आठ दिवस रेटलं असतं तर किती मेली असती, हे सांगायला संशोधक लागत नाही. भारताच्या कैदेतून सुटून गेल्यावर १९६३ साली त्यांना सैन्यातून बडतर्फ केलं गेलं.

इथपर्यंत मी मित्राच्या बाजूने. १९८० साली जनरल गोव्यात आले तेव्हा लोकांनी प्रेमाने स्वागत केलं, तेही मला समजतं.

पण त्याआधीची तीन वर्षं? आग्वादच्या तुरुंगात राजकीय कैदी होते आणि कारभारावर सही यांचीच होती. मोहन रानडे १९५५ पासून कैदेत. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले.

"तो तरी काय करणार? नोकरी होती," मित्र म्हणाले. याला उत्तर जनरलच्या घरातच आहे. त्यांची सख्खी बहीण मारिया लामास, लेखिका, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी. सालाझारच्या पोलिसांनी तिला तुरुंगात टाकलं, तरी ती गप्प बसली नाही. १९६२ साली तिला पॅरिसला परागंदा व्हावं लागलं. म्हणजे नाही म्हणता येत होतं, आणि बरंच आधी म्हणता येत होतं.

आपल्यासारख्या पगारदारांना जनरल का आवडतो, याचा मला संशय आहे. शेवटच्या दिवशी हिंमत दाखवली की मागच्या सगळ्या सह्या माफ, असा सोयीचा हिशेब त्यात आहे. मी स्वतः एका अहवालातला वरिष्ठांना नकोसा तक्ता गाळून खाली सही केलेली आहे. 'आपलं काम करावं, पुढे बघू' असंच तेव्हा मनाशी म्हणालो होतो. ते 'पुढे' अजून आलेलं नाही. असो.

रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. त्याच वर्षी मारिया मायदेशी परतली. जनरलना हुद्दा परत मिळाला तो १९७४ साली, हुकूमशाही कोसळल्यावर. ती कोसळवण्यात तिघांपैकी कोणाचा किती वाटा होता, हे मी मित्राला पुढच्या शुक्रवारी विचारणार आहे.

— अल गराफा, कतार