नोटांचे पोते आणि ज्वारीचे पोते



गळीत हंगामाच्या धामधुमीत पैशाच्या भवितव्यावर लिहिण्याचे आम्हांस काही कारण नव्हते. कारण घडले ते असे. आपल्या एका सभासदांचा मुलगा भाईंदर पूर्वेस गोडदेव येथे राहतो, नोकरी अंधेरीस. त्याने वडिलांना फोन केला, "आप्पा, रुपयाचा कागद होणार आहे. रस्त्याकडेची वीस गुंठे काढून टाका आणि सोनं घ्या. सहा महिन्यांचं तेल-साखर भरून ठेवा. मागनं पस्तावाल." आप्पा गट ऑफिसात आले आणि खाली बसता बसता म्हणाले, "पोरगं शिकलेलं आहे. खोटं कसं म्हणू? पण जमीन विकायला हात धजत नाही. तुम्ही काय ते सांगा."

हा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. आपल्या गटागटांतील मुले मुंबईच्या उपनगरांत आहेत. त्यांच्या फोनवर रोज काहीतरी येते आणि ते रात्री गावाकडे पोहोचते. म्हणून आम्ही येथे जाहीरपणे लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट. पोरांना हसू नका. पैसा मातीमोल होतो, हे खरे आहे. 1923 साली जर्मनीत तसे घडले. जानेवारीत फ्रान्स व बेल्जियमच्या फौजांनी रूहरचा कोळशाचा मुलूख ताब्यात घेतला. तेथील कामगारांनी काम थांबवले, आणि त्यांना पगार द्यायला सरकारने नोटा छापल्या. माल घटला आणि नोटा वाढल्या. नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क पडत होते. शेतकरी नोटा घेऊन धान्य देईना. शहरातली माणसे पियानो, दागिने घेऊन बटाट्यासाठी खेड्यांत हिंडली, कोणी रात्री शेतात शिरून बटाटे उकरले. अलीकडचे उदाहरण झिंबाब्वेचे. 2000 सालानंतर तिथली शेती कोसळली, सरकार नोटा छापत राहिले. 2009 च्या जानेवारीत एक कोटी कोटी डॉलरची एकच नोट निघाली, आणि त्याच वर्षी त्या देशाने आपले चलनच बाजूस ठेवले.

अगदी शेजारचे पाहा. श्रीलंकेने 2021 साली रासायनिक खतांची आयात बंद केली. भात उतरला, चहा उतरला. परकीय चलन आधीच आटत आले होते. एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबली, आणि सप्टेंबरात कोलंबोत महागाईचा दर सुमारे 70 टक्क्यांवर गेला. लोक पेट्रोलच्या रांगेत रात्री काढत होते.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. आधी माल आटला, मग पैसा सडला. नुसत्या छापखान्याने एवढे होत नाही. कारखाने, शेते, बंदरे थांबली आणि वर सरकारने हात सैल सोडला, म्हणजे ते घडते.

आपल्याकडे असे उद्या होईल काय? आम्हांस तशी चिन्हे दिसत नाहीत. 1997 पर्यंत सरकारच्या तिजोरीत तूट आली की रिझर्व्ह बँक जवळपास आपोआप पैसे पुरवी. ती पद्धत त्या वर्षी बंद झाली. 2016 पासून महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के वरखाली राखण्याचे बंधन कायद्याने आले. अन्न महामंडळाची 1965 पासूनची कोठारे आहेत. यावर कोणी म्हणेल, कायदे बदलता येतात. खरे आहे. म्हणून घरची तयारी नको असे आम्ही म्हणत नाही. तयारी कशाची करायची, एवढाच आमचा वाद आहे.

आपल्या घरांवर खरोखर जे प्रसंग आले ते आठवा. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून आपल्यात आहेत. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, आपण खाल्ली. खडी फोडायला बायामाणसे गेली, सुकडीवर पोरे जगली. पाठोपाठ 1974 साली देशात किरकोळ भाव वर्षभरात पाव पटीहून अधिक चढले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या दिवसांत गावोगाव सोने निघाले, पण ते कोणत्या भावाने गेले? सगळेच एकदम मोडायला निघाले की सराफ भाव पाडतो. ज्याच्या बळदात ज्वारी होती त्याने डोरले मोडले नाही. हे आमच्या आयांनी आम्हांस सांगितले आहे.

दुसरा प्रसंग 8 नोव्हेंबर 2016 चा. पाचशे आणि हजाराच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या. सहाव्या दिवशी, म्हणजे 14 नोव्हेंबरला, जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी झाली. आपली खाती कुठे होती? तिथेच. आमच्यापैकी एकाच्या घरी त्या आठवड्यात लेकीचे लग्न होते. खात्यात पैसे, हातात काही नाही. मांडववाला, वाणी, आचारी या तिघांनी तोंडच्या शब्दावर काम केले म्हणून लग्न पार पडले.

तिसरा 23 सप्टेंबर 2019 चा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीस एका खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबई-ठाण्याकडची कितीतरी घरे त्यात सापडली. जानेवारी 2022 मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांना पुढे वर्षानुवर्षांचे हप्ते बांधून मिळाले.

या तीन प्रसंगांत रुपया मेला नव्हता. एकदा धान्य नव्हते, एकदा नोट चालेना, एकदा बँकेचे दार लागले. आपल्यावर येते ते हे असे येते.

आणि चौथे संकट तर रोज येत असते, त्याचा आवाज होत नाही. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तरी बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. कपाटात ठेवलेल्या लाखाला पन्नास हजारांचा माल येतो. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर 2018-19 च्या हंगामास क्विंटलला 275 रुपये होता, 2025-26 ला 355 झाला. तोही दहा ऐवजी सव्वादहा टक्के उताऱ्याच्या पायावर. सात हंगामांत 29 टक्के वाढ. तेवढ्या काळात आपल्या मजुरीचा, खताचा, दवाखान्याचा खर्च किती वाढला, ते ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

ऊस उत्पादकाची गोष्ट इतर शेतकऱ्यांहून थोडी वेगळी आहे. आडसाली लावली की सोळा-अठरा महिन्यांनी तोड. मग बिल. म्हणजे आपण माल आधी देतो आणि पैशाची वाट पाहतो. भाव चढत असताना वाट पाहणाराच बुडतो. म्हणून 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत बिल देण्याची व उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याजाची तरतूद आहे. हे आम्ही कारखान्याच्याच पत्रकात लिहितो, कारण सभासद हा मालक आहे. वार्षिक सभेत जेवणाच्या मेनूवर जेवढी चर्चा होते तेवढी या चौदा दिवसांवर व्हावी.

दुसरे असे की, ऊस ताटात वाढता येत नाही. पूर्वी ज्या घरात कणगी भरलेली असे, तिथे आज पाच एकर ऊस आणि दुकानातून पिठाची पिशवी. मग आपल्यात आणि गोडदेवच्या फ्लॅटात फरक काय राहिला?

गोडदेवचेच सांगतो. मागे कामानिमित्त मुंबईस गेलो तेव्हा आप्पांच्या मुलाकडे मुक्काम केला. ती बाजू एके काळी भातशेतीची आणि मिठागरांची, उत्तरेला वसईची खाडी. आता इमारतीला इमारत लागून आहे. खाली बाकावर तिथले जुने एक काका भेटले. आम्ही विचारले, "काका, महागाईची भीती वाटते का?" ते हसले. म्हणाले, "भात घरचं, मीठ दारचं, मासळी खाडीची. तेव्हा महागाई आम्ही पेपरात वाचायचो. आता सकाळी दूधवाला सांगतो." एवढेच बोलले आणि पिशवी घेऊन बाजाराला गेले.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे.

घरापुरते धान्य घरचे असू द्या. वीस-तीस गुंठे ज्वारी, थोडा हरभरा, तूर. उन्हात चांगले वाळवून कडुनिंबाचा पाला घालून वर्षाचे भरा. दुकानातून पोती आणून साठा करू नका. सगळेच धावले की भाव आपणच चढवतो, आणि शेजारच्या मजुराच्या तोंडचे काढतो.

कर्ज हलके करा. "कर्ज काढून सोने घ्या, पुढे रद्दीने फेडू," असा सल्ला फिरतो आहे. सोने 2025 साली दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेले हे खरे, पण 2012 साली तीस हजारांवर गेलेले सोने 2015 साली पंचवीस-सव्वीस हजारांवर आले होते. व्याज मात्र त्या तीन वर्षांत थांबले नव्हते. लेकीसुनेच्या अंगावर असेल तेवढे सोने पुष्कळ. कर्जाने घेतलेले सोने सावकाराचे असते.

ठेवी एका ठिकाणी ठेवू नका. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, आणि कारखान्याकडील ठेवीही येत नाहीत. हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळला, पण सभासदापासून लपवून कारखाना मोठा होत नाही. सहकारावरचा विश्वास हा ताळेबंद वाचून ठेवायचा असतो. घरात महिन्या-दीड महिन्याच्या खर्चाची रोकड, तीही लहान नोटांत असावी. कागदपत्रे एका पिशवीत, आणि ती कुठे आहेत हे कारभारणीला ठाऊक असावे.

आणि जमीन विकू नका. नोट रद्द होते, बँक बंद होते, सोने चोरीस जाते. सातबारावरचे पाणी लागलेले रान पुढच्या वर्षीही पीक देते.

आप्पांनी वीस गुंठे विकली नाहीत. त्यात शाळू पेरला. मुलाला हे कळवले तेव्हा तो चार दिवस फोनवर नीट बोलला नाही. मग सुनेचाच फोन आला, "मामंजी, सुगी झाली की एक पोतं इकडं पाठवा. इथं जागा करते."

त्या पोत्याची गोडदेवला वाट पाहताहेत. आपल्यापैकी कोणाकोणाच्या घरून असे पोते निघू शकते, एवढा विचार या लागणीच्या आधी प्रत्येकाने करावा, ही विनंती.