मोफत पतअहवाल : हक्क आहे, पण मागावा लागतो



उम्म सलाल मोहम्मदमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे भारतात गृहकर्ज किंवा जुने क्रेडिट कार्ड आहे. तिकडचा मोबाईल बंद झाला की थकबाकीची सूचना आपल्यापर्यंत येत नाही. नोंद मात्र होते. ती कळते परतल्यावर, घरासाठी कर्ज मागताना.

रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशानुसार सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. चूक दिसल्यास तक्रार करा. ती ३० दिवसांत न सुटल्यास रोज १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

नियम चांगले आहेत, पण मागेल त्यालाच उपयोगी. आम्ही सुचवतो, दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा अहवाल मागवा. वर्षभर लक्ष राहील. आणि या सुट्टीत बँकेत चालू मोबाईल नंबर नक्की नोंदवा.